वाकण्याचे नव्वद दिवस

५ जानेवारी २०२५, रविवार. सायंकाळी साडेसहा. दिवस पहिला.

आजपासून राग बंद. तंटामुक्ती समितीने मुदत नव्वद दिवसांची दिली आहे, मी स्वतःला कायमची दिली. आपण समितीच्या चार पावलं पुढे असावं.

हकिगत नोंदवून ठेवतो, नाहीतर पुढे लोक आपापल्या सोयीने सांगतील. कालव्याच्या चारीच्या पाण्याची पाळी माझी होती. शेजारच्या रानातल्या स्टीफनने पाणी आपल्याकडे वळवलं. चुकून वळवलं असं त्याचं म्हणणं. मी जाब विचारला, तो सॉरी म्हणाला. पण हसून म्हणाला. हसून सॉरी म्हणणाऱ्याच्या नाकावर बुक्की बसली, तर त्यात हसणाऱ्याचा वाटा किती, हे कोणी विचारात घेत नाही. हाड मोडलं नाही. नुसतं सरकलं.

समितीच्या अध्यक्ष बनुबाई. म्हणाल्या, आप्पासाहेब, केस करायची तर आत्ता ठान्यात जाऊ, पन कारखान्याची नोकरी जाईल तुमची. न्हाईतर नव्वद दिस कुनावर हात टाकायचा न्हाई, आन् चर्चच्या हॉलात जपानी शिकायला बसायचं, स्टीफनभाऊंच्या शेजारी. तिथं वाकायला शिकवत्यात. तुमाला त्याची लई गरज हाय.

स्टीफनची मुलगी प्रार्थना तीन वर्षं जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांना सांभाळायची नोकरी करून आली. आता चर्चचा तरुण संघ आणि बायकांचा बचत गट मिळून तिचा क्लास चालवतात. बुधवारी आणि रविवारी, फी नाही. नाव जपान मित्रमंडळ. माझी मुलगी ज्ञानेश्वरी सहा महिने तिथे जातेच आहे. नर्सिंग झालंय तिचं. एप्रिलमध्ये जपानवाल्यांची ऑनलाइन मुलाखत, आणि ते लोक आईवडिलांनाही समोर बसवतात म्हणे. म्हणजे पोरीचं पुढचं सगळं माझ्यावर आहे. बरं झालं, योग्य माणसावर आहे.

स्टीफनला नारळ दिला, हार घातला. नाकावर पट्टी होती म्हणून हार जपून घातला.

८ जानेवारी, बुधवार. दिवस चौथा.

पहिला क्लास. चपला बाहेर सरळ रांगेत काढायच्या, टोकं रस्त्याकडे. जपानी शिस्त. आवडली. कोणीतरी आपली चप्पल माझ्या चपलेवर ठेवली होती. ती हॉलच्या पत्र्यावर टाकली. दुसरीही टाकली, जोडी फुटायला नको. चप्पल प्रार्थनाची निघाली. तिने शिडी आणली.

वाकण्याचे तीन प्रकार. ओळखीच्या माणसाला पंधरा अंश, मोठ्या माणसाला तीस, माफी मागायला पंचेचाळीस. मी साठपर्यंत गेलो. कंबर धरली, पण बाकीच्यांनी बघितलं.

राग आला नाही.

१२ जानेवारी, रविवार. दिवस आठवा.

मला आणि स्टीफनला समोरासमोर उभं करून वाकायला लावलं. आधी कोण उठतो हे बघायचं मी मनात ठरवलं. जो आधी उठेल तो हलका. प्रार्थना म्हणाली, आप्पाकाका, शर्यत नाहीये. तिला काय माहीत, सगळ्या गोष्टी शर्यतच असतात. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होतो. तो उठायला लागला की मी परत वाकायचो, मी वाकलो की तोही वाकायचा. चार-पाच मिनिटं चाललं. शेवटी त्याने डोकं वर आणलं तेव्हाच मी जोरात खाली नेलं.

नाक पुन्हा सरकलं. बनुबाई येऊन बघून गेल्या. हात लागलेला नाही, डोकं लागलं, असं सर्वांसमक्ष ठरलं. डॉक्टर म्हणाले, आता पहिल्यापेक्षा सरळ दिसतंय. आभार कोणी मानले नाहीत.

१९ जानेवारी, रविवार. दिवस पंधरावा.

वाकण्याचा कारखान्यावर उपयोग करून पाहिला. मी गेटचा हवालदार. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरची रांग दोन किलोमीटर असते आणि प्रत्येक ड्रायव्हरला वाटतं आपलाच ऊस आधी वाळतोय. तिसगावकडचा एकजण रांग मोडून पुढे घुसला. मी त्याच्यापुढे जाऊन पंचेचाळीस अंशात वाकलो. त्याला वाटलं माझं काही खाली पडलंय, तोही शोधायला वाकला. मग मारली.

बनुबाईंना कळलं. मी नियमावर बोट ठेवलं. समिती आमच्या ग्रामपंचायतीची, कारखाना शेजारच्या हद्दीत. त्यांनी कराराचा कागद काढून वाचला. म्हणाल्या, बरं. पन हद्दीच्या आत तुमी सांभाळा.

२२ जानेवारी, बुधवार.

गेटवर आता नुसता वाकलो तरी तीन-तीन ट्रॅक्टर रिव्हर्स घेतात. संस्कृतीचा केवढा प्रभाव. क्लासमध्ये हे सांगितलं. ज्ञानेश्वरी वहीत बघत होती.

२६ जानेवारी, रविवार. दिवस बाविसावा.

झेंडावंदनानंतर शाळेच्या मैदानावर मित्रमंडळाचं प्रात्यक्षिक. केंदो. बांबूच्या तलवारीने खेळतात, आणि मारताना ओरडावंच लागतं, नाहीतर मारलेलं मोजत नाहीत. पहिल्यांदाच एखादा खेळ माझ्यासाठी बनवलाय असं वाटलं. मोटारसायकलची हेल्मेटं, छातीला खताच्या पोत्यात भरलेलं गवत, हातात तासलेले बांबू. समोर स्टीफन. बनुबाईंची लेखी परवानगी.

मी अकरा फटके मारले. प्रत्येक फटक्याला असा ओरडलो की शाळेमागची म्हैस दावं तोडून गेली. प्रत्येक फटक्यानंतर दोन्ही हात वर करून मैदानाला चक्कर मारली. लोक टाळ्या वाजवत होते. स्टीफनने शेवटी एकच मारला, मनगटावर, आणि वाकून मागे सरकला.

मग प्रार्थनाने निकाल दिला. म्हणे केंदोत मारून झाल्यावर कोणी नाचलं, मिरवलं, की तो गुण रद्द. माझे अकराच्या अकरा रद्द. स्टीफनचा एक धरला. एक-शून्य.

मनगट सुजलंय. प्रार्थना म्हणाली एक्स-रे काढा. असल्या किरकोळ दुखण्याला मी भीक घालत नाही.

२८ जानेवारी, मंगळवार.

डाव्या हाताने लिहितोय. प्लास्टर. सहा आठवडे. उजवा हात गळ्यात म्हणजे करार आपोआप पाळला जाणार. स्टीफनला कळत नाही त्याने माझं किती भलं केलं.

९ फेब्रुवारी, रविवार. दिवस छत्तिसावा.

प्रार्थनाने सांगितलं, तिकडे फुटलेलं भांडं सोन्याच्या सांध्याने जोडतात आणि मानाने वापरतात. म्हणजे फोडणाऱ्यालाही तिथे काही मान असणार. घरी आल्यावर भाजीत मीठ कमी निघालं, ताट भिंतीवर फेकलं. डाव्या हाताने, तरी नेम बरा. मग रोहिणीला सोन्याचं सांगितलं. बायको असून हिला कशाची हौस नाही. म्हणाली, आपली भांडी स्टीलची हायेत, फुटत न्हाईत, नुसती चेपतात. चेपलेल्याला जपानात काय लावत्यात ते विचारून या.

एक मात्र पाहिलं. ज्ञानेश्वरी फार नीटनेटकी. मी बोलायला लागलो की आधी जवळचा तांब्या, विळी, गरम चहा उचलून लांब ठेवते. इतकं बारीक लक्ष मी शिकवलेलं नाही, रक्तातच आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार. दिवस त्रेचाळिसावा.

गावातल्या मच्छिंद्रने टेम्पो हॉलच्या दारातच लावला. मी वाकलो, विनंती केली. तो म्हणाला, दोन मिंटं थांबा की आप्पा, खोकी उतरवतोय. मी एक मिनिट थांबलो.

समोरची काच गेली. करारात हात असा शब्द आहे, प्लास्टरचा उल्लेख कुठेही नाही, हे मी बनुबाईंना वाचून दाखवलं. मच्छिंद्रने माझी कॉलर धरली, मी त्याचा कान. सहा जणांनी सोडवलं. त्यात सर्वांत पुढे स्टीफन होता. मला मागून कव घालून धरून ठेवलं आणि सारखं शांत स्वरात काहीतरी जपानीत म्हणत राहिला. शिकलाय बराच. मला अजून अक्षरं लागत नाहीत, पण भाषा ही दुय्यम गोष्ट आहे, मुख्य म्हणजे आत्मा.

बनुबाई म्हणाल्या, आप्पासाहेब, तुमची पोरगी नसती मुलाखतीला, तर आज मी सही केली असती केसवर. मी म्हणालो, पोरगी माझ्यामुळेच मुलाखतीला आहे. त्या म्हणाल्या, ते खरंय. चला, कोणीतरी मान्य केलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार.

नवं प्लास्टर.

२ मार्च, रविवार. दिवस सत्तावन्नावा.

आजचा दिवस माझा.

प्रार्थनाने सांगितलं, तिकडच्या वृद्धाश्रमात काही म्हातारे डोक्याने भरकटलेले असतात. कारण नसताना चिडतात, मारतात, चावतात. मुलाखतीत मुलींना अशा माणसाला हाताळून दाखवायला लावतात. सरावाला म्हातारा पाहिजे होता. मी हात वर केला, डावा.

खुर्चीत बसलो आणि सोंग सुरू केलं. पहिली मुलगी मोनिका पाण्याचा पेला घेऊन आली. पेला उडवला, ती रडली. दुसरी मागून आली, खांद्याला हात लावला, तिला कोपर बसलं. तिसरीने लांबूनच नमस्कार केला, खुर्ची लाथेने तिच्या अंगावर ढकलली. प्रार्थना स्वतः आली, तिच्या हातातला टॉवेल फाडला. मुली हॉलच्या दुसऱ्या भिंतीला चिकटल्या. स्टीफन म्हणाला, आप्पा, जरा कमी करा, सोंग आहे ना. मी म्हणालो, मी कमीच करतोय.

मग ज्ञानेश्वरी उठली. आधी माझ्या आजूबाजूचं सगळं उचललं. समोरून आली नाही, जरा तिरकी आली, दार आपल्या पाठीशी राहील अशी. माझ्या डोळ्यांच्या खाली येईल इतकी बसली. हात लावायच्या आधी सांगितलं, आता हात धरते. आवाज इतका खालचा की ऐकायला मला ओरडणं थांबवावं लागलं. मी एकदा लाथ उगारली, तिने पाय कुठून येणार ते आधीच ओळखून गुडघा बाजूला घेतला होता. पाच मिनिटांत मी तिच्या हातून बिस्किट खात होतो. सोंग आहे हेही विसरलो.

प्रार्थनाने विचारलं, हे मी अजून शिकवलंच नाही, कुठे शिकलीस. ज्ञानेश्वरी म्हणाली, घरीच.

ऊर भरून आला. बनुबाई पदराने डोळे पुसत बाहेर गेल्या. कलाकाराचं यश म्हणजे हेच.

९ मार्च, रविवार.

प्लास्टर निघालं. हात बारीक झालाय, पण मूठ वळते. वळून पाहिली.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड. दिवस एकोणसत्तरावा.

मच्छिंद्रने मागून येऊन डोक्यावर बादली ओतली. रंगाचं पाणी असतं तर गोष्ट वेगळी, पाणी मोरीचं होतं. मी त्याला हौदात घातलं. त्याने मला घातलं. मग हौदातच झालं जे झालं. त्याचा एक दात, माझी एक भुवई. धुळवडीला कोणाचा हात कोणावर पडतो याची नोंद समिती ठेवत नाही, ही पूर्वापार पद्धत.

भुवईला पाच टाके. घरी गेलो तर ज्ञानेश्वरीने बोरिक पावडर, कापूस, पट्टी आधीच पाटावर मांडून ठेवली होती. कोणी सांगितलं विचारलं. म्हणाली, सणाचा दिवस होता ना पप्पा.

२३ मार्च, रविवार. दिवस अठ्ठ्याहत्तरावा.

मुलाखतीचा माझा प्लॅन.
पांढरा सदरा, टोपी नको.
पंचेचाळीस अंश, चार सेकंद.
प्रश्न विचारला तर उत्तर थोडक्यात, पहाडी आवाजात.
शेवटी सहज विषय काढायचा की त्यांच्याकडे सिक्युरिटीला अनुभवी माणूस लागतो का.

रोहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुमी काही बोलू नका, एवढंच करा पोरीसाठी. मी रागावलो नाही. फक्त कॅलेंडर फाडलं, एप्रिलसकट.

२ एप्रिल, बुधवार. दिवस अठ्ठ्याऐंशीवा.

काल एकही भांडण नाही. आजही नाही. गेटवर ट्रॅक्टर संपत आलेत, हे एक कारण असू शकतं. पण मूळ कारण मी बदललो हेच. स्टीफनने पाण्याच्या पाळीचा निरोप चिठ्ठीने पाठवला. समोर येऊन का सांगितलं नाही कळत नाही. आता आमच्यात मैत्री आहे.

४ एप्रिल, शुक्रवार. सकाळी अकरा. दिवस नव्वदावा.

फत्ते.

सकाळी आठला चर्चच्या हॉलमध्ये लॅपटॉप. पडद्यावर जपानमधल्या वृद्धाश्रमाची मोठी बाई, साठीची, पांढरे केस. ज्ञानेश्वरी मध्ये, मी आणि रोहिणी दोन्ही बाजूंना, मागे प्रार्थना आणि स्टीफन. अर्धा तास पोरगी खडाखडा जपानी बोलली. कुठेही अडली नाही. एक शब्द कळला नाही, पण ऐकताना अंगावर मूठभर मांस चढलं. बाईने काही विचारलं, ज्ञानेश्वरीने एका शब्दात उत्तर दिलं. बाईने आणखी विचारलं. पोरीने उत्तर देता देता माझ्याकडे पाहिलं. मागे प्रार्थनाने मान खाली घातली.

आणि मग ती बाई खुर्चीतून उठली. माझ्याकडे वळून वाकली. पंधरा नाही, तीस नाही, पुरे पंचेचाळीस. मी मनात मोजलं, सहा सेकंद. रोहिणीसाठी नाही, प्रार्थनासाठी नाही. माझ्यासाठी. हळू आवाजात काहीतरी म्हणालीही. मी उठून साठ अंशात वाकलो.

तिथल्या तिथे निवड. ज्या वॉर्डात कोणी टिकत नाही, सगळ्यात भांडखोर म्हाताऱ्यांचा, त्या वॉर्डासाठी खास. ऑगस्टमध्ये जायचं.

सिक्युरिटीचा विषय काढायची गरजच पडली नाही. एवढा मान दिल्यावर माणूस स्वतःहून कसा विचारणार. बोलावतील ते.

४ एप्रिल. सायंकाळी सहा.

बाई काय म्हणाली ते कळावं म्हणून प्रार्थनाला विचारलं. ती म्हणाली, गडबड आहे, आणि गेली. दुसरीकडे जाऊन पुन्हा गाठली, पुन्हा गडबड. मग स्टीफनच्या रानात गेलो. तो पाण्याची दारं धरत होता. मला बघून हातातलं फावडं बाजूला ठेवलं आणि दोन पावलं मागे गेला. म्हणाला, आप्पा, विचारू नका. मी म्हणालो, आज नव्वदावा दिवस आहे, काही करणार नाही. मग त्याने सांगितलं.

बाईने विचारलं होतं, भडकलेल्या माणसाला इतक्या शांतपणे हाताळणं एवढ्या लहान वयात येत नाही, घरी कोणी आजारी आहे का. ज्ञानेश्वरी म्हणाली, वडील. बाईने विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, मला कळायला लागलं तेव्हापासून. बाईने विचारलं, तू इकडे आल्यावर त्यांना कोण बघणार. ती म्हणाली, आई. आईला माझ्यापेक्षा जास्त वर्षांचा अनुभव आहे.

मग बाई माझ्याकडे वळून वाकली आणि म्हणाली, लवकर बरे व्हा.

स्टीफन उभा होता. आज हसत नव्हता. माझी मूठ वळलेली होती, ती मला नंतर दिसली. उघडली.

घरी आलो. ज्ञानेश्वरी ओट्यापाशी होती. विचारलं, असं का सांगितलंस. ती म्हणाली, पप्पा, मुलाखतीत खोटं बोललं की ते लगेच ओळखतात. मग म्हणाली, मला दुसरं काही सुचलंच नाही. रोहिणी भाकरी थापत होती, थापतच राहिली. मी आजारी दिसतो का, असं रोहिणीला विचारलं. ती म्हणाली, आता न्हाई दिसत. आता बरे हाय तुमी. थोड्या वेळानं कसं असंल ते न्हाई सांगता येत.

बाहेर येऊन बनुबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अभिनंदन आप्पासाहेब, पोरीनं नाव काढलं, आन् तुमचे दिस बी भरले, उद्यापासून मोकळे. मी म्हणालो, मला आणखी दिवस लिहून द्या. ऑगस्टपर्यंतचे. त्या म्हणाल्या, तसं देता येत न्हाई. त्यासाठी आधी कुनाला तरी मारावं लागतं, त्याबिगर समिती बसत न्हाई.